उपनगराची निवड : नोकरीचे अंतर आणि नात्यांचे अंतर
(नाशिक शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

घर कोठे घ्यावे, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा वाटतो. प्रति चौरस फुटाचा दर, गृहकर्जाचा हप्ता, पाण्याची सोय आणि रस्त्याची रुंदी या चार गोष्टी तपासल्या की निर्णय झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात मात्र घराची जागा निवडताना कुटुंब आणखी एक निर्णय घेत असते. पुढील वीस वर्षे आईवडील आपल्यापासून किती मिनिटांवर असतील, मुले आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढतील की पाळणाघरात, आणि रात्री-अपरात्री फोन आला तर आपण किती वेळात पोहोचू, हे सर्व त्या एका खरेदीखतात ठरून जाते. खरेदीखतावर त्याचा उल्लेख नसतो एवढेच.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंब साधारणतः आयुष्यात एकदाच घर घेते. त्यामुळे या निर्णयातील चूक सहजी दुरुस्त होत नाही. नोकरी बदलता येते, वाहन बदलता येते. पण कर्ज फिटेपर्यंत पत्ता बदलणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणूनच नोकरीचे ठिकाण आणि कुटुंबाचे ठिकाण या दोहोंमध्ये समतोल साधणारे उपनगर कसे निवडावे, हा प्रश्न अभ्यासाचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात नाशिक शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. नाशिकच्या उपनगरांची घडण व तेथील रोजगारकेंद्रांचे स्थान समजून घेणे.
२. निवासस्थानाच्या निवडीसंबंधीच्या सामाजिक व आर्थिक विचारांचा आढावा घेणे.
३. कुटुंबातील सर्व व्यक्तींच्या प्रवासाचा एकत्रित हिशेब मांडण्याची पद्धत सुचविणे.
४. त्या आधारे काही निष्कर्ष व शिफारशी मांडणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी जनगणना, शासकीय सर्वेक्षणे व प्रकाशित ग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. हिशेबाची पद्धत स्पष्ट करण्यासाठी दिलेले कुटुंबाचे उदाहरण कल्पित आहे. ते कोणत्याही पाहणीतून आलेले नाही.

नाशिकची घडण : अनेक केंद्रांचे शहर

शहराची रचना सांगताना अर्नेस्ट बर्जेस या अभ्यासकाने १९२५ मध्ये वर्तुळांची प्रतिमा वापरली. मध्यभागी बाजारपेठ, तिच्याभोवती कामगारांची वस्ती आणि बाहेरच्या वर्तुळात सुखवस्तू उपनगरे, अशी ती कल्पना होती. चाउन्सी हॅरिस व एडवर्ड उलमन यांनी १९४५ मध्ये तिला वेगळा पर्याय दिला. अनेक शहरांना एकच केंद्र नसून स्वतंत्रपणे वाढलेली अनेक केंद्रे असतात, असे त्यांनी दाखविले. नाशिकचे वर्णन या दुसऱ्या प्रतिमेनेच अधिक चांगले होते.

मूळ शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर वसले. एका काठावर जुने नाशिक, दुसऱ्या काठावर पंचवटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली ती मात्र गावात नव्हे, तर गावापासून आठ-दहा किलोमीटर आग्नेयेला. स्थानक व गाव यांतील हे अंतर भरून काढण्यासाठी त्या शतकाच्या अखेरीस ट्राम सुरू करण्यात आली आणि १९३० च्या दशकात ती बंद पडली. स्थानकाभोवती नाशिकरोड हे जवळजवळ स्वतंत्र गाव उभे राहिले. १९२० च्या दशकात तेथे भारत प्रतिभूती मुद्रणालय व चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाल्यावर त्या भागाला स्वतःचा रोजगारही मिळाला. ‘प्रेस’मधील नोकरी आणि प्रेसच्या जवळचे घर, असे जीवनमान तेथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर शहराच्या पश्चिमेला सातपूर व पुढे अंबड या औद्योगिक वसाहती आल्या. ओझर येथे विमाननिर्मितीचा कारखाना उभा राहिला. कामगारांच्या घरांची गरज भागविण्यासाठी सिडकोने शहर व अंबड यांच्या दरम्यान सहा योजनांमधून ‘नवीन नाशिक’ वसविले. आज सर्वसामान्य नाशिककर त्या भागाला नुसते ‘सिडको’ म्हणतो. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर ही नागरी क्षेत्रे आणि भोवतालची वीसहून अधिक खेडी एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको व सातपूर हे तिचे सहा विभाग होत. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,५६,९२५, २००१ मध्ये १०,७७,२३६ व २०११ मध्ये १४,८६,०५३ इतकी नोंदली गेली. म्हणजे वीस वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. ही वाढ जुन्या गावठाणात सामावणे शक्यच नव्हते. ती इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, जेल रोड अशा उपनगरांत पसरली.

या घडणीचा निवासाच्या निवडीवर मोठा परिणाम होतो. एकाच केंद्राच्या शहरात ‘केंद्राच्या जवळ’ एवढे म्हटले की पुरते. नाशिकमध्ये मात्र पतीची नोकरी अंबडला, पत्नीची नाशिकरोडला, मुलांची शाळा गंगापूर रोडला आणि आईवडील पंचवटीत, असे चित्र सहज संभवते. अशा कुटुंबाला ‘जवळ’ म्हणजे नेमके कशाच्या जवळ, हे आधी ठरवावे लागते.

वैचारिक पार्श्वभूमी

निवासस्थानाच्या निवडीचा आर्थिक सिद्धान्त विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडला. केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतशी जागा स्वस्त होते, पण प्रवासखर्च वाढतो. कुटुंब या दोहोंची सांगड घालून आपली जागा ठरविते, असा त्याचा आशय आहे. या मांडणीत प्रवास आहे तो केवळ कामावर जाण्याचा. आईकडे डबा घेऊन जाण्याच्या प्रवासाला तेथे स्थान नाही. शिवाय, स्वस्त घराचा मोबदला लांबच्या प्रवासाचा त्रास खरोखरच भरून काढतो काय, याविषयीही शंका आहे. अलोइस स्टुट्झर व ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील माहितीच्या आधारे २००८ मध्ये दाखविले की, ज्यांचा रोजचा प्रवास अधिक, त्यांचे जीवनविषयक समाधान कमी असते. घर वा पगार यांतून ती उणीव पुरती भरून निघत नाही. माणसे घर घेताना एका खोलीची वाढ चटकन मोजतात आणि रोजच्या तासाभराची घट मोजत नाहीत, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

कुटुंबाच्या बाजूने पाहता भारतीय समाजशास्त्रातील एक भेद येथे उपयोगी पडतो. ए. एम. शहा यांनी गुजरातमधील एका खेड्याच्या अभ्यासावर आधारलेल्या १९७३ च्या ग्रंथात ‘कुटुंब’ आणि ‘एका छपराखालचा गट’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एका घरात न राहणारे भाऊ, वा आईवडील आणि विवाहित मुलगा, हे एकाच कुटुंबाचे घटक असू शकतात. आय. पी. देसाई यांनीही महुवा येथील अभ्यासात (१९६४) एकत्रपणा हा केवळ सामायिक चुलीवर ठरत नसून परस्परांच्या कर्तव्यभावनेवर ठरतो, असे प्रतिपादन केले होते. नाशिकच्या वाड्यातून बाहेर पडून पाथर्डी फाट्यावर फ्लॅट घेणारा मुलगा ‘विभक्त’ झाला असे जनगणना म्हणेल. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो पंचवटीत पंधरा दिवस मुक्कामाला असेल, तर समाजशास्त्र तसे म्हणणार नाही.

हे नाते टिकण्यासाठी मात्र अंतराला मर्यादा असते. मायकेल यंग व पीटर विल्मॉट यांनी पूर्व लंडनच्या बेथ्नल ग्रीन या कामगारवस्तीचा केलेला अभ्यास (१९५७) प्रसिद्ध आहे. त्या वस्तीत विवाहित मुली आईच्या घरापासून काही मिनिटांवर राहत व दिवसातून अनेकदा ये-जा करीत. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत त्यांना चांगली, हवेशीर घरे मिळाली. पण ती रोजची ये-जा तुटली. नाते संपले नाही, ते सणावारापुरते उरले. जे. एच. शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन येथील वृद्धांच्या पाहणीत (१९४८) जवळ राहण्याचे मोजमाप म्हणून ‘गरम जेवण थंड न होता पोहोचेल एवढे अंतर’ अशी कसोटी वापरली. जपानमध्येही ‘सूप थंड न होणारे अंतर’ हा वाक्प्रचार याच अर्थाने रूढ आहे. आपल्याकडे तिला ‘डबा गरम पोहोचण्याचे अंतर’ म्हणता येईल. किलोमीटरच्या मोजपट्टीपेक्षा ही कसोटी अधिक खरी आहे. कारण वाहतूक, चढ, पूल आणि सिग्नल हे सर्व तिच्यात आपोआप मोजले जाते.

कोणाचा प्रवास मोजावयाचा?

घर निवडताना बहुधा कुटुंबप्रमुखाचा कामावर जाण्याचा प्रवास मोजला जातो. हे अपुरे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे त्यावर खर्च करीत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आढळले. घरातील व्यक्तींच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी होणाऱ्या स्त्रियांचा वेळ २०१९ मध्ये १३४ मिनिटे व २०२४ मध्ये १३७ मिनिटे होता. पुरुषांचा ७६ व ७५ मिनिटे. पाच वर्षांत चित्र फारसे पालटले नाही.

याचा उपनगराच्या निवडीशी संबंध सरळ आहे. मुलाला शाळेतून आजीकडे सोडणे, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणे, औषधे पोहोचविणे या फेऱ्या ज्या व्यक्तीच्या वाट्याला येतात, तिचाच प्रवास हिशेबातून गळालेला असतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर कामाचा प्रवास आणि काळजीचा प्रवास एकावर एक चढतात. दूरच्या उपनगरातील घर ‘परवडले’ असे म्हणताना ते कोणाच्या वेळेतून परवडले, हा प्रश्न विचारला जात नाही. अनेकदा त्याचे उत्तर काही वर्षांनी स्त्रीने नोकरी सोडण्यात वा बढती नाकारण्यात मिळते.

एक उदाहरण

पुढील कल्पित उदाहरणावरून हिशेबाची पद्धत स्पष्ट होईल. पतीची नोकरी अंबड येथे, पत्नीची नाशिकरोड येथे, व पतीचे आईवडील पंचवटीत राहतात. दोघेही आठवड्यातून सहा दिवस कामावर जातात. म्हणजे प्रत्येकाच्या एकेरी फेऱ्या बारा. दुचाकीने लागणारा एकेरी वेळ मिनिटांत पुढीलप्रमाणे मानला आहे.

तक्ता क्र. १ : एकेरी प्रवासाचा मानलेला वेळ (मिनिटे)

| उपनगर | अंबड | नाशिकरोड | आईवडिलांचे घर |
|---|---|---|---|
| पाथर्डी फाटा | १० | ३० | ३५ |
| इंदिरानगर | १५ | २५ | २० |
| जेल रोड | ४० | १० | ३० |
| पंचवटी | ३५ | ३५ | ५ |

आता आईवडिलांकडील फेऱ्यांची संख्या बदलून आठवड्याचा एकूण वेळ काढल्यास पुढील चित्र दिसते.

तक्ता क्र. २ : कुटुंबाचा आठवड्याचा एकूण प्रवास (मिनिटे)

| उपनगर | २ एकेरी फेऱ्या | १० एकेरी फेऱ्या | २० एकेरी फेऱ्या |
|---|---|---|---|
| पाथर्डी फाटा | ५५० | ८३० | ११८० |
| इंदिरानगर | ५२० | ६८० | ८८० |
| जेल रोड | ६६० | ९०० | १२०० |
| पंचवटी | ८५० | ८९० | ९४० |

या तक्त्यांतून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, केवळ रविवारी भेटायला जावयाचे असेल (दोन एकेरी फेऱ्या), तर पंचवटीतील घर सर्वांत गैरसोयीचे ठरते. आईवडिलांजवळ राहण्याचा आग्रह अव्यवहार्य वाटतो तो याच हिशेबामुळे. दुसरी, काळजीच्या फेऱ्या वाढू लागताच चित्र पालटते. आठवड्याला बारा एकेरी फेऱ्या झाल्या, म्हणजे सहा दिवस रोज एकदा जाऊन येणे झाले, की पाथर्डी फाटा व पंचवटी यांचा वेळ समान (९०० मिनिटे) होतो. त्यापुढे पंचवटीच सोयीची ठरते. मधल्या ठिकाणी असलेले इंदिरानगर मात्र चोवीस एकेरी फेऱ्यांपर्यंत पंचवटीपेक्षा कमी वेळाचे राहते.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाथर्डी फाटा व इंदिरानगर या दोन्ही पर्यायांत पतिपत्नींच्या कामाच्या प्रवासाची बेरीज अगदी सारखी, म्हणजे ४८० मिनिटे येते. परंतु पाथर्डी फाट्याला त्यांतील १२० मिनिटे पतीची व ३६० पत्नीची असतात. इंदिरानगरला १८० व ३००. बेरीज तीच, वाटणी वेगळी. म्हणून नुसती एकूण मिनिटे मोजून भागत नाही. ती कोणाच्या वाट्याला येतात हेही पाहावे लागते.

आयुष्याच्या टप्प्यांचा विचार

आईवडिलांकडील फेऱ्यांची संख्या स्थिर नसते, हे या प्रश्नातील खरे मर्म आहे. घर घेतले जाते तेव्हा दाम्पत्य तिशीत आणि आईवडील साठीच्या आसपास असतात. आईवडील धडधाकट असतात. उलट तेच नातवंडांना सांभाळून मदत करीत असतात. मूल लहान असताना फेऱ्या अधिक, ते मोठे झाले की कमी, आणि आईवडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली की पुन्हा अधिक, असा त्यांचा क्रम असतो. वीस वर्षांचे कर्ज या तिन्ही टप्प्यांना व्यापते. घर निवडताना मात्र आजच्याच टप्प्याचा हिशेब होतो. पाळणाघराच्या सोयीवर विसंबून अंतर दुर्लक्षिले जाते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद आणली, हे खरे. परंतु वृद्धांसाठी कामाच्या ठिकाणी अशी कोणतीही सोय नसते.

कायद्याची दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने अपत्य या संज्ञेत मुलाबरोबर मुलीचाही समावेश केला. म्हणजे ‘आईवडिलांच्या जवळ’ याचा अर्थ केवळ पतीच्या आईवडिलांच्या जवळ, असा राहिलेला नाही. एकुलत्या एक मुलींची संख्या वाढत असताना माहेरचे अंतर हा आता हौसेचा विषय नसून जबाबदारीचा विषय आहे. दोन्ही घरे एकाच शहरात असतील तर दोहोंच्या मध्ये घर शोधणे, हा न्याय्य पर्याय ठरतो.

आईवडिलांनाच मुलाच्या उपनगरात आणावे, असाही मार्ग सुचविला जातो. जुन्या नाशिकमधील अनेक वाडे मोडकळीस आले आहेत आणि पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्यामुळे हे स्थलांतर कधी अपरिहार्यही ठरते. परंतु वाड्यातील वृद्धांचे स्वतःचेही एक ‘जवळपण’ असते. ओळखीचा दुकानदार, नेहमीचे देऊळ, गंगेवरची सकाळची फेरी, शेजारच्या खोलीतून येणारी हाक. फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर सुनेचा सहवास मिळतो, पण दिवसाचे दहा तास हे सर्व नाहीसे होते. त्यामुळे आईवडिलांना आणण्यापेक्षा त्यांच्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर आपण राहणे, हे पुष्कळदा उभयपक्षी हिताचे असते.

नदी, पूल आणि पर्वणी

नाशिकमध्ये अंतराचा विचार गोदावरीला वगळून करता येत नाही. नदीच्या एका काठावर घर व दुसऱ्या काठावर आईवडील असतील, तर मधला पूल हाच त्या नात्याचा रस्ता असतो. १९ सप्टेंबर २००८ व २ ऑगस्ट २०१६ रोजी आलेल्या पुरांनी काठावरचा जनजीवनाचा वेग रोखला होता. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी व गोदाघाट परिसरात वाहनांना बंदी असते. २०१५ च्या सिंहस्थात त्याचा अनुभव आला व २०२७ चा सिंहस्थ पुढे आहे. हे दिवस थोडे असतात. पण वृद्धांची निकड दिवस पाहून येत नाही. म्हणून एरवी वीस मिनिटांवर असणारे घर अशा दिवशी किती मिनिटांवर असेल, याचाही अंदाज घेतलेला बरा.

सार्वजनिक वाहतुकीचा विचारही आवश्यक आहे. राज्य परिवहन महामंडळाकडे असलेली शहर बससेवा पुढे महानगरपालिकेने स्वीकारली व ८ जुलै २०२१ पासून ‘सिटीलिंक’ ही सेवा सुरू झाली. केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच वर्षी ‘मेट्रो निओ’ची घोषणा झाली, तथापि ती अद्याप प्रत्यक्षात उतरलेली नाही. येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या भरवशावर घर घेणे किती जोखमीचे असते, हे यावरून ध्यानात यावे. आज धावणारी बस हाच विश्वासार्ह पुरावा होय. वृद्ध आईवडील स्वतः दुचाकी चालवीत नाहीत. त्यांना मुलाकडे येता यावे यासाठी थेट बस वा शेअर रिक्षा आहे काय, हे पाहिल्याशिवाय ‘जवळ’ हा शब्द एकतर्फीच राहतो.

दूरच्या नोकरीचा प्रश्न : मुंबई आणि तालुक्याची गावे

काही कुटुंबे याच समतोलासाठी याहून मोठी किंमत मोजतात. नाशिकरोड स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १८८ किलोमीटरवर आहे. १ नोव्हेंबर १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईत नोकरी व नाशिकला घर, हे शक्य केले. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडणारा पासधारक रात्री साडेनऊनंतर परत येतो. थळ घाटाची चढण ३७ ला १ अशी असल्याने परतीच्या प्रवासात कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. हा निसर्गाचा कर चुकत नाही. डब्यातील भजन, पत्त्यांचा डाव, वाढदिवस यांतून पासधारकांनी प्रवासालाच एक कुटुंब बनविले. मात्र ज्या कुटुंबासाठी मुंबई सोडली नाही, त्याच्या वाट्याला आठवड्याचा एक दिवसच उरतो, हेही तितकेच खरे आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने मोटारीचा प्रवास सुकर झाला. तो रोजचा परवडणे हा वेगळा प्रश्न आहे.

पासधारकाच्या दृष्टीने उपनगराच्या निवडीला येथे निराळे वळण मिळते. त्याने गंगापूर रोडला घर घेतल्यास स्थानकापर्यंतचा अर्धा तास दोन्ही वेळा वाढतो. जेल रोड, उपनगर वा नाशिकरोडला घेतल्यास तो वेळ घरात मिळतो. चौदा-पंधरा तास बाहेर असणाऱ्या व्यक्तीला वाचलेला एक तास म्हणजे मुलाचा अभ्यास पाहण्याचा तास असतो.

प्राध्यापक व शिक्षकवर्गाचा प्रश्न याच जातीचा आहे. मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) व गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) या संस्थांनी जिल्ह्यात शिक्षणाचे जाळे विणले. सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर येथील महाविद्यालयांत शिकविणारे व नाशिकला राहून ‘अपडाऊन’ करणारे प्राध्यापक विपुल आहेत. शिक्षकांनी मुख्यालयी राहावे, असा आग्रह शासकीय पातळीवर वेळोवेळी धरला जातो. त्यामागील विद्यार्थिहिताचा हेतू योग्यच आहे. तथापि पती-पत्नी दोन तालुक्यांत नोकरीस असतील व वृद्ध आईवडील तिसऱ्या ठिकाणी, तर नाशिक शहर हाच त्यांच्यातील एकमेव सामायिक बिंदू ठरतो. अशा वेळी सिन्नरला जाणाऱ्याने नाशिकरोड, दिंडोरीला जाणाऱ्याने म्हसरूळ, निफाडला जाणाऱ्याने आडगाव व इगतपुरीला जाणाऱ्याने पाथर्डी फाटा, अशी दिशेनुसार निवड केल्यास शहर ओलांडण्याचा वेळ तरी वाचतो. मात्र हाच नियम आईवडिलांच्या घराला लावून पाहिल्याखेरीज निर्णय पक्का करू नये.

निष्कर्ष

१. नाशिक हे अनेक केंद्रांचे शहर असल्याने ‘शहराच्या जवळ’ ही कसोटी येथे अपुरी आहे. प्रत्येक कुटुंबाला आपली केंद्रे स्वतंत्रपणे मांडावी लागतात.
२. घराची निवड कुटुंबप्रमुखाच्या नव्हे, तर सर्व व्यक्तींच्या प्रवासाच्या बेरजेवर व्हावी. त्या बेरजेची स्त्री-पुरुषांमधील वाटणीही तपासावी.
३. काळजीच्या फेऱ्या कमी असताना नोकरीजवळचे घर, तर त्या वाढल्यावर आईवडिलांजवळचे घर सोयीचे ठरते. मधले उपनगर बदलत्या परिस्थितीत अधिक टिकाऊ ठरते.
४. या फेऱ्यांची संख्या आयुष्याच्या टप्प्यांनुसार बदलत असल्याने कर्जाच्या संपूर्ण मुदतीचा विचार आवश्यक आहे.
५. अंतराचे माप किलोमीटर नसून ‘डबा गरम पोहोचण्याचा’ वेळ हे होय.

शिफारशी

१. घर घेण्यापूर्वी त्या उपनगरातून नोकरीच्या ठिकाणी व आईवडिलांच्या घरी, गर्दीच्या वेळी व पावसात, निदान एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.
२. शक्य असल्यास खरेदीपूर्वी त्याच भागात काही महिने भाड्याने राहावे.
३. शहर बससेवेने केवळ औद्योगिक वसाहतींच्या पाळ्यांचा विचार न करता उपनगरांना परस्परांशी जोडणाऱ्या थेट फेऱ्या वाढवाव्यात.
४. शिक्षणसंस्थांनी बदल्या करताना पतिपत्नींच्या नोकरीबरोबरच वृद्ध आईवडिलांची जबाबदारीही सहानुभूतीने विचारात घ्यावी.
५. भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या कुटुंबाच्या आठवड्याभराच्या फेऱ्यांची नोंद करवून घेतल्यास स्थानिक पातळीवरील मोलाची माहिती संकलित होईल.

समारोप

वाड्यात एका छपराखाली असलेले कुटुंब आज उपनगरांत विखुरले आहे. त्याबद्दल केवळ खंत करण्यात अर्थ नाही. वाड्यातील सहवासाबरोबर तेथील कोंडीही गेली, हे विसरता येत नाही. स्वतंत्र घर आणि सांभाळलेली नाती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. अट एवढीच की, दोहोंमधील अंतर घर घेण्यापूर्वी मोजले गेले पाहिजे. एका अधिकच्या खोलीसाठी आईचे घर अर्ध्या तासाने दूर जात असेल, तर ती खोली खरोखर किती रुपयांना पडली, हा हिशेब प्रत्येक कुटुंबाने कागदावर मांडून पाहावा. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला दिसतो आणि कधीतरी संपतो. अंतराचा हप्ता दिसत नाही, आणि तो घरातील सर्वांनाच भरावा लागतो.